सहा शरणपुरे

दोन शेजारी लाकडे तोडायला रानात जातात. दोघांत वैर नाही. काल-परवा कधी भांडणही झालेले नाही. एक जण झाडावर घाव घालतो आणि त्याच क्षणी कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून दुसऱ्याच्या वर्मी बसते. शेजारी जागच्या जागी मरतो. ज्याच्या हातात नुसता दांडा राहिला आहे, त्या माणसाचे आता काय करायचे?

हे उदाहरण माझे नव्हे. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात, मोशेच्या पाच पुस्तकांपैकी शेवटच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, ते अगदी असेच दिले आहे. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला ते परके वाटणार नाही. आमच्याकडे रान आहे, कुऱ्हाडी आहेत, आणि दांडा ढिला झाला की पाते पाण्यात भिजत घालण्याची रीतही आहे. परके वाटेल ते पुढचे. अशा माणसासाठी त्या लोकांनी गावे राखून ठेवली होती. एक-दोन नव्हे, चांगली सहा!

त्या काळी खुनाचा सूड घेणे हे मेलेल्याच्या जवळच्या नातलगाचे कर्तव्यच मानले जाई. त्याला ‘गोएल’ म्हणत. भाऊ गेला, आता त्याच्या रक्ताचा हिशेब मी पुरा करीन, असे म्हणत तो निघाला म्हणजे समोरच्याने जाणूनबुजून मारले की त्याच्या हातून चुकून घडले, हे विचारण्याइतके त्याचे डोके ठिकाणावर कसले असणार? शास्त्रकारांनी त्याच्या रागाला नावे ठेवली नाहीत. उलट, त्याचे काळीज तापलेले असते म्हणूनच वाट लांब असू नये, असे ते म्हणतात. त्या रागाच्या आणि त्या अभागी माणसाच्या मध्ये त्यांनी एक वेस उभी केली.

यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन. पूर्वेला बेसेर, रामोथ आणि गोलान. ज्याच्या हातून अजाणता मनुष्यहत्या घडली त्याने यांपैकी जवळच्या गावी धाव घ्यायची. वेशीपाशी उभे राहून तिथल्या वडीलधाऱ्यांना आपली हकीकत सांगायची. त्यांनी त्याला आत घ्यायचे आणि राहायला जागा द्यायची. एकदा वेशीच्या आत गेला की त्याच्यावर हात टाकण्याचा गोएलला अधिकार नाही. देशातल्या माणसाप्रमाणेच परदेशी उपऱ्यालाही ही गावे मोकळी होती, हेही मूळ ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे.

मराठीत अशा गावाला ‘शरणपूर’ म्हणावे. शब्द नवा नाही; नाशिककरांच्या तो रोजच्या तोंडचा आहे. तिथल्या शरणपूर रस्त्याला हे नाव ज्या वस्तीवरून मिळाले, ती एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनने वसवली होती. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकेतली मुले त्या आश्रयाला राहून शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेतून इंग्लंडला पोचवणारा जेकब वेनराइट नाशिकलाच शिकलेला. तिथला आश्रय निराळ्या दुःखितांसाठी होता. पण नाव मात्र ह्या जुन्या सहा गावांचीच आठवण करून देणारे आहे.

पुढे इसवी सनाच्या २०० च्या सुमारास ज्यू पंडितांनी आपल्या कायद्याचे ‘मिश्ना’ नावाचे संकलन केले आणि त्यावर नंतर तलमुदातली प्रदीर्घ चर्चा रचली गेली. त्यात ‘मक्कोत’ नावाच्या प्रकरणात ह्या शरणपुरांचा जो विचार आहे, तो वाचताना त्या पंडितांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. नुसते गाव नेमून भागत नाही, तिथवर माणूस जिवंत पोचला पाहिजे. म्हणून शरणपुराचा रस्ता बत्तीस हात रुंद, म्हणजे नेहमीच्या सार्वजनिक रस्त्याच्या दुप्पट, ठेवायचा. जिथे जिथे फाटा फुटतो तिथे ‘मिक्लात’, म्हणजे ‘आश्रय’, अशी पाटी लावायची. घाबरून पळणाऱ्या माणसाला वाट विचारीत बसायला लावायचे नाही!

गाव कसे असावे हेही ठरलेले. अगदी खेडे नको, कारण तिथे चार माणसे मदतीला नसतात. मोठे शहरही नको. बेताचे गाव असावे, पाणी असावे, बाजार असावा; आसपास वस्ती असावी, ती रोडावली तर बाहेरून माणसे आणून वसवावीत. शस्त्रांचा व्यापार मात्र त्या गावात चालू द्यायचा नाही. असे का, तर शास्त्रात ‘त्याने तिथे पळून जावे आणि जगावे’ अशा अर्थाचे वाक्य आहे. पंडितांनी त्यातला ‘जगावे’ हा शब्द धरला. जगणे म्हणजे केवळ श्वास चालू राहणे नव्हे. विद्यार्थी शरणपुरात गेला तर त्याच्या गुरूनेही त्याच्याबरोबर तिथे जाऊन राहावे, कारण विद्येवाचून त्याचे जगणे ते काय, असे ते म्हणतात. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवीत असलेल्या माझ्यासारख्याला हा नियम वाचून जरा दचकायलाच होते. हजेरीपटावरच्या मुलाची नुसती बदलीची कागदपत्रे सही करून देणारे आम्ही!

वाचकांपैकी कुणाला वाटेल, मनुष्यहत्या करून वर ही बडदास्त! पण तसे नव्हते. वेशीत आलेल्याचा रीतसर न्याय होई. वैर धरून, टपून बसून मारले असे सिद्ध झाले तर शरणपूर त्याचे रक्षण करीत नसे. बाराव्या शतकातला थोर धर्मशास्त्री मायमोनिडीज ह्याने तर अजाणतेपणाच्याही तीन पायऱ्या केल्या आहेत. जे कुणालाच टाळता आले नसते, त्यात दोष नाही आणि हद्दपारीही नाही. थोडी काळजी घेतली असती तर टळले असते, त्यासाठी शरणपूर. आणि बेफिकिरी इतकी की ती जाणूनबुजून केल्यासारखीच, अशाला शरणपूर आत घेत नाही. मिश्नातला दाखला पाहा : पिंप दोरीने खाली सोडताना निसटून कुणावर पडले तर शरणपुरात जावे लागे, वर ओढताना दोर तुटून पडले तर नाही. वजन खाली सोडणाऱ्याने खाली कोण आहे ते अधिक जपून पाहिले पाहिजे, असा त्यातला भाव दिसतो.

शिवाय हे गाव आश्रय होते तशी कैदही होती. पैसे भरून सुटका नाही. रक्तपणा घेऊन अशा माणसाला घरी जाऊ देण्याची शास्त्रात स्पष्ट मनाई आहे. श्रीमंताला आणि गरिबाला कायदा एकच. वेशीबाहेर पाऊल टाकले आणि गोएलने गाठले तर दाद नाही. सेनापती असला आणि साऱ्या राष्ट्राला त्याची गरज पडली, तरी त्याने बाहेर यायचे नाही. आणखी एक बारीकसा नियम मला फार मोलाचा वाटतो. गावकऱ्यांनी त्याचा काही मानसन्मान करायचे ठरवले तर त्याने आधी सांगायचे, ‘मी मनुष्यहत्या केलेला आहे.’ ते ऐकूनही गावकरी ‘असू दे’ म्हणाले, तर मग तो मान त्याने घ्यावा. मेलेल्या माणसाचा विसर पडू द्यायचा नाही आणि जिवंत माणसाला कायमचा खाली बसवून ठेवायचा नाही, अशी ही तारेवरची कसरत आहे.

आता प्रश्न मुदतीचा. हा माणूस घरी कधी परतायचा? उत्तर विलक्षण आहे : त्या वेळचा मुख्य धर्मगुरू मरण पावेल तेव्हा. तो उद्या गेला तर हा उद्या मोकळा. तो चाळीस वर्षे जगला तर चाळीस वर्षे. ह्यातून एक गमतीदार अडचण निघाली. शरणपुरातली माणसे बिचाऱ्या धर्मगुरूच्या मरणाची वाट पाहत बसणार, कदाचित तशी प्रार्थनाही करणार! म्हणून धर्मगुरूंच्या आया ह्या लोकांना अन्नवस्त्र पुरवीत, असे मिश्ना सांगते. माझ्या लेकाच्या जिवावर उठू नका रे बाबांनो, म्हणून पाठवलेले ते लाडूच म्हणा ना!

पण धर्मगुरूच्या मरणाशी ह्याचा संबंध काय? तलमुदात एक कारण असे दिले आहे की आपल्या काळात अशी घटना घडू नये म्हणून धर्मगुरूने दयेची प्रार्थना करायला हवी होती. ती त्याने केली नाही, तेव्हा थोडा भार त्याच्याही माथी. मायमोनिडीजचे कारण माणसाच्या मनातून काढलेले आहे. ज्याच्यामुळे आपले माणूस गेले तो डोळ्यांसमोर नसला की राग हळूहळू निवतो. आणि साऱ्या लोकांना प्रिय असलेला माणूस जातो तेव्हा सगळेच शोकात बुडतात. त्या मोठ्या दुःखात आपले दुःख थोडे सामावते. त्या वेळी परतलेल्या माणसाला पाहणे सोसवते.

ही सगळी व्यवस्था आता उरलेली नाही. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे देवालय पाडले आणि मुख्य धर्मगुरूची गादीही संपली. पण ग्रंथ उरले, आणि ते मराठीतही आले. कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजेच बेने इस्राएल, ह्यांची मातृभाषा मराठी. त्यांच्यातले जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ज्यू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनेही झाली. बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली, तरी तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. त्या १९२२ साली वारल्या आणि ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ह्या सहा गावांची वाट मराठी वाचकाला बंद कधीच नव्हती.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचा विचार झाला नाही काय? झाला, आणि तो लहानपणापासून आपल्या कानांवर आहे. श्रावणबाळ घडा बुडवीत होता, दशरथाला हत्ती पाणी पितो आहे असे वाटले आणि बाण सुटला. पंडूने हरीण समजून बाण मारला तो किंदम ऋषींना लागला. पंडू राज्य सोडून वनात गेला. जरा नावाच्या व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पायाला लागला आणि कृष्णाने त्याला क्षमा केली. दशरथाला शाप मिळाला, पंडूला वनवास, जराला क्षमा. एकाच अपराधाला आपल्या कवींनी तीन निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

शास्त्रकारांचे उत्तर प्रायश्चित्ताचे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’चा १९५३ साली निघालेला चौथा खंड चाळला तर ह्या विषयाचा केवढा पसारा आहे ते कळते. अजाणता ब्रह्महत्या घडली तर बारा वर्षे रानात झोपडी बांधून राहावे, असे मनू सांगतो. म्हणजे हद्दपारी इथेही आहे आणि मुदतही आहे. पण मेलेला माणूस ब्राह्मण नसला की बाराचा हिशेब उतरू लागतो : क्षत्रियाला चौथा हिस्सा, वैश्याला आठवा आणि शूद्राला सोळावा. ही उतरंड वाचताना मान खाली जाते. पराशराने गाईच्या मरणाचा विचारही असाच बारकाईने केला आहे. कोंडल्यामुळे मेली तर पाव प्रायश्चित्त, बांधल्यामुळे अर्धे, जुंपल्यामुळे पाऊण, मारल्यामुळे पुरे. आमच्या भागात हे सारे नुसते पोथीत नव्हते. रसेल आणि हिरालाल ह्यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जातिजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. भंडारा तेव्हा मध्यप्रांतातच होता. चुकून गाय मेली म्हणून जातीबाहेर टाकलेल्या आणि जातभोजन घालून परत घेतलेल्या माणसांचे उल्लेख त्यांत जागोजाग आहेत. त्या जातपंचायतींचा जाच मी विसरत नाही. गरिबाचे बैल विकून ते जेवण होई. मात्र पंगत उठली की तो माणूस पुन्हा आपला, एवढे तरी त्यात नक्की होते.

आजचा आपला कायदा निराळ्या वाटेने जातो. १८६० च्या भारतीय दंडविधानात १८७० साली कलम ३०४-अ घातले गेले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्याला त्याने दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आले आणि ही मर्यादा पाच वर्षांची झाली. निव्वळ अपघाताने, कायदेशीर काम योग्य काळजीने करताना मृत्यू घडला तर गुन्हा नाही, हे तत्त्व दोन्हीकडे आहे. मायमोनिडीजच्या पायऱ्या इथेही दिसतात.

आणि गोएल? तोही आहे. आमच्या भंडाऱ्यावरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. त्यावर अपघात झाला की पाहता पाहता जमाव गोळा होतो आणि चालक गाडी टाकून पळतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवावे असे सांगितले आहे, पण जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, अशी सवलतही लिहिली आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेत हा आजचा गोएलच उभा आहे! अशा वेळी चालकाने धाव घ्यायची ती जवळच्या पोलीस ठाण्याकडे. न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे पोटकलम नव्या संहितेत होते. जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकचालकांनी त्याविरुद्ध चक्का जाम केला आणि संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. ठाणे हे आजचे शरणपूर खरे, पण तिथवरचा रस्ता बत्तीस हात रुंद नाही आणि फाट्यावर पाटीही नाही.

तरीसुद्धा माझ्या मते खरी उणीव आणखी पुढे आहे, आणि ती मला माझ्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिली. वर्गात श्रावणबाळाची कथा निघाली होती. तास संपल्यावर तो दाराशी थांबला आणि म्हणाला, “सर, माझ्या मामानं अजून किती दिवस बाहेर राहायचं?”

हकीकत अशी. त्याच्या मामाचे गाव धानाचे. सहा वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत, संध्याकाळच्या अंधूक उजेडात, मामा बांधीतून ट्रॅक्टर मागे घेत होता. मागे धुऱ्यावर चुलतभावाचा सात वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला होता. मामाने मागे वळून पाहिले नव्हते, हे त्याने पोलिसांना आणि न्यायालयाला आपल्या तोंडाने सांगितले. खटला चालला, शिक्षा झाली, ती भोगून झाली. विम्याचा दावाही निकालात निघाला. सरकारदरबारी कागद मिटला. पण तुरुंगातून सुटल्यावर मामा गावी गेलाच नाही. दोन घरे एकमेकांना लागून. त्या मुलाच्या आईने अंगणात यावे आणि हा समोर दिसावा, हे त्याला कसे करवणार? तो बहिणीकडे भंडाऱ्याला राहिला आणि तांदळाच्या गिरणीत कामाला लागला. शेती मामी पाहते. मुले सुट्टीत भेटायला येतात. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी असतो, पण पाडव्याला स्वतःच्या घरी नसतो.

“कोणी येऊ नको म्हटलं काय?” मी विचारले.

“नाही सर. कोणी ये बी नाही म्हटलं.”

ह्या उत्तराने मला त्या जुन्या कायद्याचे मर्म कळले. न्यायालयाने शिक्षेची मुदत सांगितली, आणि ते त्याचे काम त्याने केले. परतण्याची मुदत सांगणे हे न्यायालयाचे कामच नव्हे. पूर्वी ती धर्मगुरूच्या मरणाने ठरे, आपल्याकडे बारा वर्षांनी किंवा पंगतीने ठरे. त्या रीती पुन्हा याव्यात असे कोण म्हणेल? पण त्या गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच आले नाही. आता एका घरात मुलगा नाही, दुसऱ्या घरात बाप नाही, आणि दोन्ही घरे एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत गप्प आहेत.

ह्यात एक धोका आहे तो सांगितला पाहिजे. ज्यांचे मूल गेले त्यांच्याकडे क्षमा मागायला जाणे वेगळे आणि क्षमा वसूल करायला जाणे वेगळे. गावाने दडपण आणून ‘जाऊ द्या आता, सहा वर्षे झाली’ असे म्हणणे ही त्या आईवरची दुसरी जबरदस्ती होईल. तिने अजून नाही म्हटले, तर ते नाही ऐकून निमूटपणे परत फिरता आले पाहिजे. पण विचारलेच नाही, तर तिला हो किंवा नाही म्हणण्याचीही संधी मिळत नाही.

मी विद्यार्थ्याला सांगितले, “मुदत कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. ती त्या मुलाच्या आईबापांनीच सांगायची. कोणीतरी जाऊन विचारले पाहिजे; मामाने एकट्याने नव्हे.” आणि मग मक्कोतमधला एक नियम त्याला ऐकवला : शरणपुराच्या वाटेवर त्या माणसाला दोन शहाणी माणसे सोबत द्यावीत. वाटेत गोएल भेटला तर त्यांनी त्याच्याशी बोलावे, हे ह्याच्या हातून अजाणता घडले आहे असे त्याला समजावावे.

मुलगा जरा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, “सर, दोनांतले एक तुम्ही व्हाल?”

वर्गात नियम सांगणे सोपे असते! दुसरे गृहस्थ त्याच गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मामा आणि त्याचा चुलतभाऊ दोघेही त्यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी लगेच होकार दिला, आणि मामालाही आधी विचारून घेतले आहे. धानाची कापणी आटोपली की आम्ही दोघे त्या चुलतभावाच्या घरी जाणार आहोत. मामा त्या दिवशी गिरणीतच राहील.